कोरडवाहूची एक बाटली

लातुरात प्यायला पाणी मिळत नव्हतं तेव्हा लिंबाजी सोनकांबळे बिअर शोधत फिरत होते, ही गोष्ट ऐकायला बरी वाटत नाही. करायला तर त्याहून वाईट वाटते, हे लिंबाजींना पहिल्याच दिवशी कळलं. पण तोवर ते वाइन शॉपच्या रांगेत उभे राहिले होते आणि त्यांच्या मागं आणखी माणसं लागली होती. लागलेली रांग सोडून मागं फिरायला एक प्रकारचं धैर्य लागतं. ते त्यांच्यापाशी कधीच नव्हतं.

साल दोन हजार सोळा, उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, आणि पाहुणा आला तर चहाच्या आधी त्याला "पाणी पिऊनच आलात ना?" असं विचारण्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. अशा दिवसांत सत्तरी ओलांडलेला, कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेला, विहारात दर रविवारी पुढं बसून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेणारा हा माणूस काउंटरवर वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "एल आहे का? ज्वारीची. मर्यादित आवृत्तीतली."

काउंटरमागचा व्यंकटी त्यांचाच विद्यार्थी निघाला. ग्रंथपालाला खरं तर विद्यार्थी नसतात, पण लातुरात ज्यानं ज्यानं कॉलेजच्या वाचनालयात पंख्याखाली डुलकी काढली होती तो प्रत्येक जण लिंबाजींना सर म्हणायचा. व्यंकटीनं आधी सरांकडं पाहिलं, मग सरांच्या मागं कुणी वडीलधारं माणूस त्यांना घेऊन आलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "सर, बिअरमध्ये दोनच आवृत्त्या हायत. स्ट्राँग आन् माइल्ड."

लिंबाजी वाचून आले होते. ते कुठंही जाताना वाचून जात. दाढ काढायला गेले तेव्हाही वाचून गेले होते आणि दंतवैद्यानं त्यांना बाहेर बसवलं होतं. एल आणि लागर या बिअरच्या दोन जातींत यीस्टचा फरक असतो, एकात ते वर तरंगतं, दुसऱ्यात तळाला बसतं, असं त्यांनी व्यंकटीला समजावायला घेतलं. मागचा माणूस बराच वेळ शांतपणे ऐकत होता. शेवटी तो म्हणाला की बाबा, यीस्ट वर जाऊ द्या न्हाई तर खाली, आमच्या डोक्यावर ऊन आलंय.

एवढ्यावर लिंबाजी घरी आले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना एक शंका राहिली होती, आणि शंका घेऊन घरी जाणं त्यांना जमत नसे. त्यांनी विचारलं, "समजा ती मिळाली, तर परवाना लागेल ना?" व्यंकटीनं रांगेकडं पाहिलं, रांगेनं व्यंकटीकडं पाहिलं. हा प्रश्न त्या दुकानात कधी कुणी विचारलाच नव्हता. व्यंकटी म्हणाला, "सर, तुम्ही घरी जावा. मी चौकशी करून फोन करतो."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं.

लिंबाजींचा एकुलता एक मुलगा सुगत पुण्यात होता. सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, औषधांच्या कंपनीत चांगला लागला, आणि तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून बिअर गाळणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेला. लिंबाजी मोठ्यानं बोलणारे नव्हेत. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत हा आहे, आणि संदर्भही दिला. रागावलेल्या बापाचं पोराला काही वाटत नाही, पण संदर्भ देणाऱ्या बापापुढं काय बोलायचं? सुगतचं घरी येणं बंद झालं. फोन यायचा. फोनवर बापलेक टँकरविषयी बोलायचे. आला का, नाही आला, येईल. लोकांनी विचारलं तर लिंबाजी सांगायचे, मुलगा फर्मेंटेशनमध्ये आहे. हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळं खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडत नव्हतं, असं ते स्वतःला समजावत. स्वतःला ते फारसं पटत नव्हतं.

मग चैत्रात एक बातमी आली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दारूच्या कारखान्यांचं पाणी तोडा अशी मागणी होती, आणि पुरवणीच्या शेवटच्या पानावर मराठवाड्याच्या ज्वारीपासून केलेल्या एका एलचं कौतुक होतं. तिचं नाव कोरडवाहू. एकदाच गाळली, थोडक्या बाटल्या निघाल्या, पुण्यात हातोहात संपल्या, आता शौकीन ती शोधत फिरतायत. आणि करणाऱ्याचं नाव सुगत सोनकांबळे. लिंबाजींनी दोन्ही पानं वाचली. दोन्ही पटली. हेच त्यांचं आयुष्यभराचं दुखणं होतं.

त्याच आठवड्यात सुगतनं बुद्धपौर्णिमेला येतो म्हणून कळवलं. लिंबाजींच्या पत्नी सरजाबाईंनी त्या दिवशी भाकरी थापता थापता विषय काढला. "लेकरू तीन वर्सांनी यायलंय. यंदा तरी टँकर सोडून काही बोला त्याच्याशी."

लिंबाजींनी विचारलं, काय बोलू.

"त्यानं काय केलंय ते बघा. चांगलं असंल तर चांगलं म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. न बघता बोलून तीन वर्सं गेली की."

हे सांगायला सोपं होतं. ज्याला पाच शिलं एकमेकांशेजारी सुखानं नांदताना पाहायची सवय, त्याच्या घरात चौथं आणि पाचवं भांडायला उठलं होतं. न चाखता चांगली म्हणावं तर ते खोटं बोलणं, चौथं मोडलं. चाखून म्हणावं तर पाचवं मोडलं. काहीच म्हणू नये तर शील एकही मोडत नव्हतं, फक्त मुलगा मोडत होता. लिंबाजींनी हा प्रश्न विहारात भंतेजींपुढं ठेवला, अर्थात स्वतःचं नाव न घेता. एक गृहस्थ आहेत, त्यांना एका पदार्थाची परीक्षा करायची आहे, असा आरंभ केला. गृहस्थ कोण, पदार्थ कुठला, इथवर भंतेजींनी लक्ष देऊन ऐकलं. तेवढ्यात विहारापुढं टँकर आला. भंतेजी चीवर सावरत पाइप धरायला धावले आणि गृहस्थांनी टाकीचं झाकण धरलं. प्रश्न तिथंच राहिला.

शेवटी लिंबाजींनी स्वतःच ठरवलं. एक घोट घ्यायचा, चूळ भरल्यासारखा, आणि मत बनवायचं. पण मोडायचंच तर एकच शील मोडायचं; त्याबरोबर कायदाही मोडायचा नाही. म्हणजे परवाना हवा.

परवान्याच्या कार्यालयात पंखा चालू होता आणि माणूस नव्हता. बऱ्याच वेळानं शिपाई आला. साहेब टँकरच्या ड्यूटीवर, क्लार्क टँकरच्या खेपा मोजायला, आणि दुसरे क्लार्क विहीर अधिग्रहणाच्या पंचनाम्याला गेलेले. शिपाई म्हणाला की दारू प्यायलाच परवाना पाहिजे ना, मंग पाऊस पडल्यावर या.

आता कुणाला तरी विचारणं आलं, आणि गल्लीत सरकारी कागदांविषयी विचारायचं म्हणजे रेवणप्पांना विचारायचं. रेवणप्पा तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, मूळचे उदगीरचे. चहापलीकडं कसलंही व्यसन नाही. पण ज्या गोष्टीला अर्ज लागतो त्या प्रत्येक गोष्टीत त्यांना रस होता. त्यांची एकच श्रद्धा होती, ती म्हणजे उदगीर जिल्हा होणार. आज होईल, उद्या होईल, पण होणार. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते ऐन नोकरीत होते आणि उस्मानाबादहून आलेल्या फायलींचे ट्रक त्यांनी स्वतः उतरवून घेतले होते. नव्या जिल्ह्यासारखं सुख नाही, ते म्हणत. नवी खुर्ची, नवा शिक्का, आणि पहिलं वर्षभर कुणाला नियम माहीत नसतात.

त्यांनी लिंबाजींना सल्ला दिला की घाई करू नका, उदगीर जिल्हा होऊ द्या, तिथं गर्दी नसते, तुमचा परवाना पहिल्या पाचांत निघेल. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण सर, तुम्हाला कशाला?"

लिंबाजींना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

रेवणप्पांनी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग पोटाकडं पाहिलं, आणि त्यांना उमगलं. ते म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं न्हवं? मुतखडा हाय."

मुतखड्यावर बिअर हा इलाज आपल्याकडं ज्याला दारूचा वासही सोसत नाही त्यालाही पाठ असतो. लिंबाजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, म्हणून मिटलं. रेवणप्पांनी मान हलवली. दुष्काळात पाणी कमी जातं पोटात, दुसरं काय होणार, असं म्हणत ते उठले, आणि संध्याकाळपर्यंत सोनकांबळे सरांना खडा असल्याचं गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या धुरपताबाई हुलग्याचं कढण घेऊन आल्या. त्यांच्या दिरानं याच कढणावर बोराएवढा खडा पाडला होता. त्यांनी बोर दाखवण्यासाठी बोटं केली ती बोरापेक्षा लिंबाकडं झुकणारी होती. कढण समोर उभं राहून प्यायला लावलं. कुणी पानफुटीची पानं आणून दिली, कुणी उताणं झोपू नका म्हणून सांगितलं. लिंबाजींना कढणानं काही झालं नाही, पोट तेवढं दिवसभर बोलत राहिलं. आणि तिसऱ्या दिवशी धुरपताबाई घागर घेऊन आल्या.

घागरीत पाणी होतं. स्वतःच्या पिंपातलं.

"खड्याला पानी लागतं," धुरपताबाई म्हणाल्या. "आमचं भागतंय. ठिवा."

त्यांचं भागत नव्हतं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. लिंबाजी दारात उभे राहिले, हात जोडावेत की घागर धरावी हे न कळून दोन्ही अर्धं अर्धं केलं, आणि घागर जवळजवळ सांडली. आत आल्यावर ते सरजाबाईंना म्हणाले की आपण फार खाली गेलो आहोत. सरजाबाईंनी घागर कोपऱ्यात ठेवली, वर ताट झाकलं आणि म्हणाल्या की मंग जाऊन सांगा त्यांना खरं. लिंबाजी उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले, आणि परत येऊन पुस्तक उघडून बसले. ते पान त्यांनी दुपारपर्यंत उलटलं नाही.

व्यंकटीचा फोन आला तो अशा मनःस्थितीत. त्यानं सगळीकडं विचारलं होतं. पुण्याहून निघालेल्या एका खोक्यात चुकून दोन कोरडवाहू नांदेडला गेल्या होत्या, स्टेशनजवळच्या एका दुकानात. त्यांतली एक दुकानदारानं नमुना म्हणून स्वतः फोडली. दुसरी तशीच पडून होती. पुण्यात जिच्यासाठी लोक वणवण करत होते तिला नांदेडात कुणी हात लावला नव्हता. ज्वारी तर घरी हाय, असं म्हणून गिऱ्हाईक पुढं जायचं.

सरजाबाईंनी भाकरी आणि पिठलं बांधून दिलं, पाण्याची बाटली दिली. विचारलं, ती बिअर एकच हाय का? मी काय नुसतं बघायचं का?

नांदेडच्या बसमध्ये खिडकीतून आत येणारी हवा तव्यावरून आल्यासारखी होती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, रस्त्याकडेच्या शेतांत नुसती ढेकळं. दुकान सापडलं. बाटली दर्शनी काचेत उभी होती, ऊन खात, एखाद्या मानाच्या ठिकाणी ठेवल्यासारखी. लिंबाजींनी आधी परवान्याचं विचारलं. दुकानदारानं एक चिठ्ठी फाडून, त्यावर तारीख टाकून हातात दिली: एक दिवसाचा परवाना. साहेब, टँकर, रेवणप्पा, मुतखडा, कढण, घागर, आणि हे काम होतं दोन मिनिटांचं. लिंबाजींनी चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली. रागावणं त्यांना दुसऱ्यांसमोर जमत नसे.

मग त्यांनी बाटली हातात घेतली आणि जे ते कुठल्याही नव्या ग्रंथाचं करत तेच केलं. आधी नाव पाहिलं, मग करणाऱ्याचं नाव शोधलं. पुढं भेगाळलेल्या जमिनीत उभं एक कणीस होतं. मागं अगदी बारीक अक्षरांत छापलं होतं: सुगत लिंबाजी सोनकांबळे. चष्मा काढून, पुसून, त्यांनी पुन्हा वाचलं. मधलं नाव होतं. स्वतःचं नाव त्यांनी यापूर्वी छापील असं एकदाच पाहिलं होतं, निवृत्तीच्या निमंत्रणपत्रिकेवर, आणि तिथं लिंबाजीच्या जागी निंबाजी झालं होतं. इथं मुद्रण निर्दोष होतं. दुकानदारानं विचारलं, काही कमी-जास्त हाय का. लिंबाजी म्हणाले, नाही, अगदी व्यवस्थित आहे.

परतीच्या बसचं चाक लोह्याच्या अलीकडं बसलं. सगळे उतरले. सावली म्हणून एक बाभूळ होती, तिच्या सावलीत निम्म्यांचे पाय तेवढे मावत होते. लिंबाजींनी आपलं पाणी एका बाईच्या नातवाला दिलं. पोरानं ते संपवून पिशवीकडं बोट दाखवलं, अजून एक बाटली हाय. बाईनं विचारलं, "काय हाय, सरबत?"

औषध आहे, असं ओठावर आलं होतं. पण एवढं सगळं करून शेवटी चौथंही मोडायचं, तर मग हा खटाटोप कशासाठी? लिंबाजी म्हणाले, "बिअर आहे."

बाईनं नातवाला उचलून बाभळीच्या दुसऱ्या बाजूला नेलं. पण बाकीच्यांचा चेहरा बदलला. पुरुषमंडळी जवळ सरकली. एवढ्या उन्हात ती फुटते, असं एकाचं मत पडलं. फुटत नाही, उतू जाते, असं दुसऱ्याचं. ओल्या कापडात गुंडाळा, तिसरा म्हणाला. पण कापड ओलं करायला पाणी कुठलं? इंजिनासाठी ठेवलेल्या डब्यातलं थोडं पाणी ड्रायव्हरनं दिलं. त्याच्या चुलत्याला खडा होता, म्हणून त्याला कळत होतं, असं तो आपणहून म्हणाला. लिंबाजींनी खांद्यावरचं उपरणं दिलं. चाक बदलेपर्यंत ती बाटली हातोहात सावलीतून सावलीत फिरली आणि प्रत्येकानं तिला एकदा गालाला लावून पाहिलं. बस निघाली तेव्हा कंडक्टरनं ती आपल्या सीटखाली ठेवली. सीटखालून इंजिनाची झळ येत होती हे लिंबाजींना कळत होतं, पण एवढ्या चांगुलपणाला नको कसं म्हणावं ते कळत नव्हतं.

घरी आले तर ओसरीवर रेवणप्पा, धुरपताबाई आणि आणखी दोघं-तिघं आधीच बसलेले. व्यंकटीनं रेवणप्पांना सांगितलं होतं, सरांचं औषध मिळालं. गल्लीनं खड्याला कढण दिलं होतं, पाणी दिलं होतं, आता पहिला डोस बघणं हा तिचा हक्क होता. रेवणप्पांनी घड्याळ काढून ठेवलं होतं, किती वेळानं गुण येतो ते बघायला. धुरपताबाई म्हणाल्या, डोळे मिटून घ्या सर, कडू असंल तर नाक धरा.

लिंबाजी बाटली हातात धरून उभे राहिले. उपरण्याचा ओला डाग सदऱ्यावर उतरला होता. कॉलेजच्या वार्षिक संमेलनात त्यांना एकदा आभार मानायला उभं केलं होतं. तेव्हा ते दोन वाक्यं बोलून खाली बसले होते. आताही त्यांनी दोनच वाक्यं बोलायचं ठरवलं.

"मला मुतखडा नाही," ते म्हणाले. "ही बिअर आहे, आणि ती माझ्या सुगतनं केलीय."

रेवणप्पांनी घड्याळ उचलून पुन्हा मनगटात घातलं, सावकाश. मग म्हणाले, "म्हंजे फर्मेंटेशन म्हंजे हे व्हय?"

हो, लिंबाजी म्हणाले.

"आन् एका बाटलीला पानी किती लागतं हो?"

लिंबाजींनी तेही वाचलं होतं. त्यांनी आकडा सांगितला नाही, पण खोटंही सांगितलं नाही. बरंच लागतं, ते म्हणाले. त्यावर धुरपताबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, "मंग माझी घागर?"

सरजाबाई आत गेल्या आणि घागर घेऊन आल्या, ताट झाकलेलं तसंच. त्या पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता. धुरपताबाईंनी आत डोकावून पाहिलं, पाणी होतं तेवढं होतं. त्यांनी घागर मांडीजवळ ओढून घेतली, पण उठून गेल्या नाहीत. म्हणाल्या, "सुगतनं केली? लहानपनी माझ्या घरी दूध नासवायचा त्यो, काय हुतं बघायला. फोडा तर."

फोडायची कशानं? घरात ओपनर असण्याचं कारणच नव्हतं. रेवणप्पांनी दाराची कडी सुचवली, दुसऱ्यानं सायकलचा पाना, तिसरा दात म्हणाला आणि त्याला गप्प बसवलं. कडीनं झाकण निघालं ते थेट तुळईला लागलं. आणि मागोमाग फेस. दिवसभर उन्हात, बाभळीखाली, गालागालावर आणि इंजिनावर तापलेली कोरडवाहू उसळून वर आली, लिंबाजींच्या सदऱ्यावर, रेवणप्पांच्या पांढऱ्या धोतरावर, ओसरीच्या फरशीवर. ओसरीवरची माणसं उठून मागं सरली. फरशी भिजतेय हे बघून दोघांनी सवयीनं खाली भांडी लावली. पावसाळ्यात गळतं तेव्हा लावतात तशी.

सगळं शांत झालं तेव्हा बाटलीत तळाला बोटभर उरली होती. सरजाबाईंनी ती पेल्यात ओतली. लिंबाजी खाली बसले, डोळे मिटले नाहीत, नाक धरलं नाही. घोट घेतला, तोंडात फिरवला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, आणि गिळला. मग पेला सरजाबाईंना दिला. त्यांनीही घेतला.

कशी हाय, सगळ्यांनी विचारलं.

लिंबाजी म्हणाले, ते मी आधी सुगतला सांगीन.

पौर्णिमेच्या दिवशी विहारात पुढं बसायला लिंबाजींनी नकार दिला. कारण विचारलं तर, आज दुसऱ्या कुणी म्हणवावं, एवढंच बोलले. मागच्या रांगेत बसून चार शिलं त्यांनी स्पष्ट म्हटली आणि पाचव्याला नुसते ओठ हलवले. शेजारी कुणी येऊन बसलं तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. सुगत होता. बराच वाळला होता, की तीन वर्षांत आपणच विसरलो, हे त्यांना ठरवता येईना.

घरी आल्यावर सुगतनं सवयीनं विचारलं, "टँकर येतो का वेळेवर?"

"तुझी कोरडवाहू प्यालो," लिंबाजी म्हणाले.

सुगत हातातली पिशवी खाली ठेवत होता, तो तसाच वाकलेला राहिला. स्वयंपाकघरात सरजाबाईंचं लाटणं थांबलं.

लिंबाजींनी हे वाक्य आणि त्याच्या पुढची वाक्यं दोन रात्री मनात जुळवली होती. त्यांतली सौम्य होती ती त्यांनी एकेक करून काढून टाकली होती, कारण ती खरी नव्हती. "मला आवडली नाही," ते म्हणाले. "आंबूस वाटली. आणि मागाहून एक चव येते, भिजलेल्या पुठ्ठ्याची. आमच्या वाचनालयाचं छत गळलं होतं, कोशांचे खंड भिजले होते, त्यांचा वास महिनाभर गेला नव्हता. तसं. मला त्यातलं काही कळत नाही. माझं चुकत असेल. पण विचारलंस तर हे असं आहे."

सुगतनं काही विचारलं नव्हतं. तो हळूच खाली बसला. "तुम्हाला मिळाली कुठं, बाबा? मलासुद्धा एक उरली नाही."

लिंबाजींनी सांगितलं. रांग, परवाना, रेवणप्पा, नांदेड, दर्शनी काच, बाभूळ, इंजिनावरची सीट. खडा त्यांनी गाळला होता, तो सरजाबाईंनी आतून भरला. सुगत ऐकत होता. मधे एकदा त्यानं तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. हसत होता की काय, हे लिंबाजींना चष्म्यातून नीट दिसलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "उन्हात राहिली की तिची हीच चव होते. भिजलेला पुठ्ठा. आम्हाला शिकवताना हाच शब्द सांगतात. तुम्ही बरोबर ओळखलंत."

लिंबाजी चमकले. आयुष्यात त्यांनी दिलेलं मत पहिल्या फटक्यात बरोबर निघाल्याचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी खात्री करून घेतली, हाच शब्द? हाच, सुगत म्हणाला. मग थोडा वेळ ते तो आनंद घेत बसले. मग त्यातली अडचण त्यांच्या लक्षात आली.

"म्हणजे मी प्यालो ती तुझी नव्हतीच म्हण," ते म्हणाले. "फाटक्या प्रतीवरून ग्रंथाचं परीक्षण केल्यासारखं झालं."

"राहू द्या ना बाबा. तुम्ही एवढं केलंत तेच..."

"तसं कसं राहू द्या," लिंबाजी म्हणाले. आतून लाटणं पुन्हा सुरू झालं होतं.

"पुढची हिवाळ्यात काढ," ते म्हणाले. "उन्हात तीही टिकत नाही आणि मीही."